अर्ध्यावर थांबलेलं गाऱ्हाणं

हा अनुभव लिहावा की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. लिहिण्याची सवय मला परीक्षेपुरतीच. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून लाइटच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत जे काही वाचायचं असेल ते माझ्याकडे येतं. पण देवाबद्दल लिहायला मी कोण, असं वाटायचं. शिवाय त्या दिवसांत माझा विश्वास पार ओसरला होता. आई संध्याकाळी दिवा लावायची तेव्हा मी हात जोडायचे, कारण जोडले नाहीत तर ती का म्हणून विचारणार, आणि उत्तर द्यायचंही माझ्यात त्राण नव्हतं.

आई चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात इतर बायकांबरोबर शिवणकाम करते. हॉस्पिटलात पेशंटना घालतात ते निळे गाऊन तिथे शिवले जातात. सकाळचं कॉलेज आटोपलं की मीही तिथे जाते, धागे कापते, घड्या घालते. काम नसेल तेव्हा कटिंगच्या टेबलावर पुस्तक उघडून बसले तरी मालक काही म्हणत नाहीत. त्यांना आम्ही शेठ म्हणतो. आमचे कटिंग मास्तर बाबीकाका आमच्याच मालवणकडचे. दसऱ्याला मशिनींची पूजा झाली की ते गाऱ्हाणं घालतात, गावी देवासमोर घालतात तसंच. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. शेठ गुजराती, पण ‘व्हय म्हाराजा’मध्ये त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा असतो.

मागच्या वर्षी ऐन श्रावणात इस्टेटच्या मागचा नाला तुंबला आणि गाळ्यात गुडघाभर पाणी शिरलं. मशिनी टेबलावर असतात, त्या वाचल्या. पण त्यांच्या मोटरा टेबलाखाली बसवलेल्या असतात. त्या सगळ्या गढूळ पाण्यात बुडाल्या. पाणी ओसरलं तेव्हा आम्ही झाडू, पत्रे, जे मिळेल ते घेऊन चिखल काढायला लागलो. प्रत्येकीच्या घरातही पाणी शिरून गेलेलं. घरचा चिखल काढून यायचं आणि इथला काढायचा. पेपरात आलं होतं की शहर पुन्हा उभं राहिलं. मला तर उभं कोणीच दिसत नव्हतं, सगळे वाकलेलेच होते.

मेकॅनिकने मोटरा उघडून पाहिल्या. स्वच्छ पाण्याने धुऊन आतून खडखडीत सुकवल्या तर बऱ्याच चालतील, म्हणाला. पण सुकवायच्या कुठे? पाऊस थांबत नव्हता, उन्हाचं नाव नव्हतं, आणि मोटरा दुरुस्त करणाऱ्यांकडे अख्ख्या इस्टेटचा ढीग लागलेला. ओल्या मोटरा तशाच पडून गंजायला लागल्या. शेवटी एका दुपारी शेठ सगळ्यांना म्हणाले, “बस झालं. भंगारवाल्याला बोलावलंय मी. आज येऊन घेऊन जाईल. गाळा भाड्याने देऊन टाकतो.”

“शेठ, घाई करताय तुम्ही,” आई म्हणाली.

“घाई? ताई, झोप नाही डोळ्याला. किती वेळा उभं करायचं तेच तेच?”

गाळा बंद म्हणजे आईचं काम बंद, आणि मग माझं कॉलेजही. मला दिवसभराची नोकरी धरावी लागली असती. हे आम्ही दोघींनी एकमेकींना बोलून दाखवलं नव्हतं, पण आईने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

तेव्हा बाबीकाका उठले. “काय ता होऊ दे. पण इतकी वर्सां ज्या मशिनींनी पोसला, तेंका गाऱ्हाण्याशिवाय जाऊक देऊचा नाय.” मोटरा ओळीने मांडल्या होत्या. त्यांच्यासमोर काकांनी उदबत्ती लावली, टोपी नीट केली आणि हात जोडले. “बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी रव्हली हत...”

“व्हय म्हाराजा!”

“तेंच्यार जी काय इडापिडा इली...” आणि तिथेच काकांचा आवाज अडकला. ते तोंड उघडत होते, शब्द येत नव्हते. नुसतं डोळ्यांतून पाणी. एवढी वर्षं दसऱ्याला खणखणीत बोलणारा माणूस.

गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडायचं नसतं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आईने मला कोपराने ढकललं. “तू कॉलेजात जातंस मां? बोल.”

“आई, मला नाही येत.”

“एवढी पुस्तकां वाचतंस, देवाक दोन शब्द सांगूक येत नाय?”

मी हात जोडले. मालवणी मला समजते, पण मोठ्याने बोलायची लाज वाटते. त्यामुळे तोंडातून निघालं ते असं: “देवा महाराजा, आपणांस नम्र विनंती आहे की...”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. “अगो, अर्ज करतंस काय!” पण लगोलग सगळ्यांनी म्हटलंही, “व्हय म्हाराजा!”

मला मशिनी वाचव म्हणायचं होतं. गाळा चालू राहू दे म्हणायचं होतं. पण समोर शेठ रिकाम्या खोक्यावर बसले होते, त्यांचे डोळे सुजलेले. मी म्हटलं, “शेठना झोप लागू दे.” व्हय म्हाराजा. “बाबीकाकांचा आवाज परत येऊ दे.” व्हय म्हाराजा. मग पुढचं काही सुचेना. “आम्ही फार दमलोय. आमच्याने आता होत नाही. तूच बघ.”

यावर ‘व्हय म्हाराजा’ आलं ते अगदी हळू आलं. शेठचा आवाज त्यात नव्हता. ते मान खाली घालून बसले होते.

उदबत्ती जळत होती तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. दाढी पांढरी, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. इस्टेटच्या पार दुसऱ्या टोकाला खारी-टोस्टची बेकरी आहे, तिथले ते चाचा. “माफ करा, पूजा चाललीय वाटतं,” ते म्हणाले. “आमचा मैदा सगळा भिजला. पण भट्टीची ओल जावी म्हणून तिला पेटवून ठेवलीय. आग उतरल्यावर आतली ऊब नुसती वाया जाते. मी म्हटलं, कोणाचं काही सुकवायचं असेल तर विचारून यावं. गाळ्या-गाळ्यात विचारत आलो.”

मेकॅनिक अजून तिथेच होता. तो पुढे झाला. “चाचा, ऊब किती असते?”

“हात घालता येत नाही, पण कागद जळत नाही. एवढी.”

“मग बस!” तो ओरडलाच.

शेठ उठले. त्यांनी एक मोटर उचलली आणि छातीशी धरून पावसात निघाले. त्यांच्यामागे आम्ही सगळ्या, प्लास्टिक पांघरून, एकेक मोटर दोघी-दोघींनी धरून. वाटेत भंगारवाला टेम्पो घेऊन समोर आला. शेठ त्याला म्हणाले, “आलाच आहेस तर हात लाव.” आणि त्यानेही लावला.

धुतलेल्या मोटरा पावाच्या पत्र्यांवर ठेवून चाचांनी लांब फळीने आत सरकवल्या, पाव सरकवावेत तितक्याच हलक्या हाताने. भट्टी थंडावली की पुन्हा पेटवायची, आग उतरली की मोटरा आत. काही मोटरा गेल्याच. पण बऱ्याचशा चालू झाल्या, आणि गणपतीच्या आधी गाळ्यात पुन्हा घरघर सुरू झाली. दसऱ्याला चाचांना आम्ही बोलावलं. ते दाराशी उभे राहिले, हातात खारीचा पुडा. बाबीकाकांचा आवाज खणखणीत होता.

याला कोणी योगायोग म्हणेल. म्हणू दे, मी वाद घालणार नाही. चाचा निघाले होते ते आमचं गाऱ्हाणं ऐकून नव्हे. आम्ही हात जोडायच्या आधीच ते निघाले होते, दार-दार विचारत. मला तेच जास्त आठवतं. आपलं मागणं नीट जमत नाही, अर्ध्यावर थांबतं, आणि कोणीतरी आधीच ओल्या पायांनी वाटेला लागलेलं असतं. माझा थकवा गेला असं नाही. कॉलेज, गाळा, घर, रोज तेच आहे. पण खूप वेळ शिवण चालली आणि मोटर तापली की आईच्या मशिनीखालून अजून खारीचा मंद वास येतो. खरंच येतो की मलाच वाटतो, ते माहीत नाही.

संध्याकाळी दिव्यापुढे मी आता फारसं मागत नाही. दमलेय, तू बघ, एवढंच म्हणते. आई शेजारून वाती सारखी करत पुटपुटते, “व्हय म्हाराजा.”