कोर्टाचा कागद माफ

बाबा गेले तेव्हा करी रोडच्या चाळीतली खोली त्यांच्या नावावर होती. पागडीची खोली, भाडेपावती ज्याच्या नावावर, खोली त्याची. नाव बदलून घ्यायला मी आणि दादा मालकाच्या पेढीवर गेलो. तिथले मेहताजी म्हणाले, "कोर्टाचं वारस प्रमाणपत्र आणा. नायतर बाकीच्या वारसांनी हक्क सोडल्याचं लिहून द्या, सोबत हमीपत्र. मग कोर्टाचा कागद माफ."

बाकीचे वारस म्हणजे आई आणि मी.

मी गावी कणकवलीला आजीकडे राहून दहावी झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी दादानेच मला मुंबईत आणलं, माटुंग्याच्या कॉलेजात घातलं. स्वतः कॉलेज अर्धवट सोडून तो कुरियरची पाकिटं वाटत फिरायचा. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. निकालाच्या दिवशी अख्ख्या मजल्यावर पेढे त्याने वाटले. अशा भावाला "आधी कोर्टात जाऊ" म्हणायला माझी जीभ रेटेना.

तरी आईला एकदा विचारलं. इतकी वर्षं मुंबईत राहूनही ती मालवणीच बोलते, मुलाला झील म्हणते. म्हणाली, "कोर्टाचो कागद कित्याक? माझो झील माका भायर काढतलो काय?"

चाळीलाही शंका नव्हती. तेराव्याला मामाने सगळ्यांसमोर दादाच्या डोक्यावर नवी टोपी ठेवली होती. बापामागे घर कुणी सांभाळायचं, हे आमच्यात त्या टोपीने ठरतं. साक्षीदार म्हणून आलेले शेजारचे काका सही करता करता हसले. "अगो, टोपी घातली तेव्हाच पावती बदलली. हे आपलं मालकाच्या समाधानासाठी."

मी सही केली, आईने अंगठा उठवला. दादा तिच्या पाया पडला. "नाव माझं, पण खोली तुझी. तू आहेस तोवर इथून तुला कोण हलवतो ते बघू." असं काही त्या कागदात नव्हतं. लिहून घ्यावं असं आम्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढच्या वर्षी शेजारच्या काकांचाच फोन आला. "काय गो, खोली विकली आणि सांगितलं पण नाहीस?"

मी नायगावहून धावत गेले. आईची भांडी गॅलरीत गोणीत बांधलेली होती. ती जिन्याजवळ बसली होती, कुणाच्या तरी घरचा चहा हातात घेऊन. दादा आत पंखा उतरवत होता.

"आई कुठे जाणार, दादा?"

"तुझ्याकडे. कल्याणला घेतलाय तो फ्लॅट लहान आहे. तुझ्या वहिनीचं आणि तिचं जमत नाही, तुला माहीतच आहे."

"तू शब्द दिला होतास."

तो स्टुलावरून उतरला. "मी तुला शिकवलं तेव्हा तुझ्याकडून काय लिहून घेतलं होतं? तुझ्यापायी मी कॉलेज सोडलं. आता हिशोब मांडतेस?"

ज्या उपकारापुढे मी आयुष्यभर मान खाली घालत आले, त्याची किंमत त्याने वसूल केली होती, आणि तीही आईच्या डोक्यावरचं छप्पर काढून.

आई आता माझ्याजवळ नायगावला, भाड्याच्या खोलीत असते. इथल्या बायकांना ती सांगते, करी रोडला आमची चाळ पाडून टॉवर होतोय, झिलाने तात्पुरतं लेकीकडे ठेवलंय. परवा एकीने मला विचारलं, "नव्या घराचा ताबा कधी मिळणार हो?" आई माझ्याकडे बघत होती.

"वेळ लागेल," मी म्हटलं.