ढोले मॅडम आणि डावीकडची बाई

ढोले मॅडम एस.टी.त भुताचा पिक्चर सांगायला बसल्या की मेहकर सोडून सुलतानपूर येईपर्यंत भूत काही दिसायचं नाही. नुसती दारं वाजायची. हापशातून आपोआप पाणी यायचं, कुत्रं अंगणात जाऊन एकाच दिशेला बघत बसायचं, आणि सुलतानपूरच्या थांब्यावर माणसं चढता-उतरताना मॅडम गोष्ट तिथंच थांबवून खिडकीबाहेर बघायच्या. मागच्या सीटवरचा एखादा अनोळखी माणूस शेवटी न राहवून विचारायचा, "मंग काय झालं, मॅडम?" त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, "थांबा ना भाऊ. भुताले काय घाई हाय?"

आम्ही दोघी बीबीच्या एका शाळेत शिकवत होतो. मी मराठी, त्या चित्रकला. रोज मेहकरहून जाणं-येणं. माझं माहेर नाशिककडचं, लग्नानंतर मेहकरला आलेली, नोकरी नवी, आणि स्वभाव असा की नवऱ्याचा फोन दोनदा लागला नाही तर तिसऱ्यांदा लावताना माझे हात गार पडत. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी हे ओळखलं. "तू भेतेस लय, अनुराधा," त्या म्हणाल्या. "भिणं वाईट नाही. पण तुले भ्यायची शिस्त नाही."

त्यांना ती होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरला. घरी आल्यावर चहा, भाजी निवडणं, आणि मग एक भुताचा पिक्चर. भिंतभर टीव्ही घेतला होता आणि खुर्ची त्याच्या इतक्या जवळ ओढून बसायच्या की शेजारच्या बायका हसायच्या. मी एकदा विचारलं, एकट्या घरात हे कसं बघवतं? त्या म्हणाल्या, "पिक्चरमधल्या भीतीले शेवट असते. दोन तासांत उठून कुकर लावता येते. बाकीच्या भीतीले इंटरव्हल बी नसते, माय."

त्यांची मतं ठाम होती आणि कोणी विचारली नाही तरी मिळायची. भूत पूर्ण दिसलं की भीती संपली, उरली ती वेशभूषा. मधेच गाणं आलं तर त्या पिक्चरचं भूत कुठंतरी लग्नाला गेलं असं समजावं. शेवटी ताईत दाखवून भूत पळवलं तर ती प्रेक्षकांची फसवणूक. विलायती भूत फक्त घर विकत घेणाऱ्यालाच धरतं, भाडेकरूच्या वाटेला जात नाही, "कारण भाडेकरू दुसऱ्या दिवशी सामान घेऊन निघून जाते, मंग पिक्चर कोणावर काढतीन?"

सगळ्यांत लाडका मात्र एक अगदी भिकार पिक्चर होता. लहानपणी पिंपळगाव राजाला, त्यांच्या माहेरी, तंबूतल्या टॉकीजमध्ये त्यांनी तो पाहिला होता. त्यातल्या राक्षसाच्या केसाळ हातावर चक्क मनगटी घड्याळ दिसतं. काढायचं राहून गेलेलं. पुढं तो त्यांना मोबाइलवर सापडला आणि त्यांनी कितीदा पाहिला याला गणती नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यावर हसलं की त्या गंभीर व्हायच्या. "हसा. पण ज्यानं काढला त्यानं मनापासून काढला. आन ते घड्याळ पाहून मले तो राक्षस जास्तच आवडते. एवढं भेसूर तोंड करून त्याले बी घरी वेळेवर जायचं असंन."

गेल्या काही वर्षांतल्या पिक्चरांवर मात्र त्यांचा राग होता. "आजकालचे लोक सगळं अंधारातच काढतात. बल्ब लावाले पैसे नाहीत का यायले? अर्धं तं दिसतच नाही." ही तक्रार आधी कधीमधी यायची, मग रोज यायला लागली. मी "हो ना" म्हणायचे. मी तरी कुठं असले पिक्चर बघत होते?

आता आठवून पाहते तेव्हा बाकीच्या गोष्टीही दिसतात. स्टाफरूममध्ये चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला आणि तो पडला. वर्गात डाव्या हाताच्या बाकाला मांडी लागून निळा डाग पडला, तो बरा होतो न होतो तोच पुन्हा त्याच बाकाला लागली. एस.टी.त चढताना त्या आधी पायानं पायरी चाचपायच्या. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्या म्हणाल्या, "वय वाढलं हाय. नंबर तोच हाय."

मग त्यांनी मला पिक्चर बघायला लावला. त्यांच्या मते भीतीची शिस्त लावायची तर सुरुवात सौम्य औषधानं करावी. "हा पाहजो. तुह्यासारखीले बरा. काहीच होत नाही त्याच्यात. घर, घर, आन घर. शेवटी उगाच ओरडतात. दिवसा पाहजो, ऊन असताना."

रविवारी दुपारी नवरा घरात असताना मी तो लावला. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यामागं घर, तिथं राहायला आलेलं कुटुंब. पंधरा-वीस मिनिटांनी मी उशी पोटाशी धरली. खोलीत माणसं जेवत होती, बोलत होती, आणि पडद्याच्या डाव्या कडेला भिंतीकडे तोंड करून एक बाई उभी होती. हलत नव्हती. पुढच्या खोलीत पुन्हा डावीकडे तीच. घरातल्या कोणालाच ती दिसत नाही, तिच्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. फक्त पाहणाऱ्याला दिसते. सगळा पिक्चर तिच्यावरच उभा होता. शेवटी ती वळायला लागते, तेव्हा मी बंद केला आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

सोमवारी बसमध्ये मी म्हटलं, "सौम्य म्हणे. मॅडम, त्या बाईनं माझी झोप घालवली."

"कोणती बाई?"

"ती डावीकडची. भिंतीकडे तोंड करून उभी असते ती."

त्या हसल्या. "मलेच भेववून राह्यली का? अशी कोणी बाई नाही त्याच्यात. मी दोनदा पाहिला."

मला वाटलं, त्या माझी गंमत करताहेत. मी मोबाइल काढला, तो प्रसंग लावून त्यांच्यासमोर धरला. छोटासा पडदा, हातभर अंतरावर. मॅडमनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.

"ही कुठून आली?" त्या म्हणाल्या.

सुलतानपूर आलं, गेलं. बीबीपर्यंत त्या तोच प्रसंग पुन्हा पुन्हा लावत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्या माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. बसमध्ये बसल्यावर हळू आवाजात सांगायला लागल्या, आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांची गोष्ट मला नको नको वाटली. रात्री घरी त्यांनी तोच पिक्चर त्यांच्या मोठ्या टीव्हीवर लावला होता. रोजच्या खुर्चीत, रोजच्यासारखं समोर बघत. बाई नव्हती. मान डावीकडे वळवली, तर होती. पुन्हा समोर पाहिलं, गेली.

"काळं दिसलं असतं तं कळलं असतं, अनुराधा. काळं नाही दिसत. तथी भिंतच दिसते मले. साधी, पांढरी भिंत. नसलेली भिंत दिसून राह्यली."

मी म्हटलं, आजच रजा टाकू, डॉक्टरकडे जाऊ. त्यांनी मान हलवली. जाऊ ना, म्हणाल्या. परीक्षा होऊ दे. मग म्हणाल्या, चित्रांचं प्रदर्शन होऊ दे. मी रोज विचारायची आणि त्या रोज नवं कारण काढायच्या. एकदा चिडून म्हणाल्या, "मले भुतं पाहाची हौस हाय, डॉक्टर पाहाची नाही." मग लगेच माझ्या हातावर हात ठेवला. "चित्रकलेची बाई आंधळी झाली तं शाळा काय म्हणंन, सांग बरं मले."

ते दिवस मला फार वाईट गेले. त्या रस्ता ओलांडायच्या तेव्हा मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन चालायची. मोटारसायकलचा आवाज आला की मी त्यांच्या आधी मान वळवायची. नागपूरला त्यांच्या मुलीला कळवावं का, हा प्रश्न घेऊन मी स्वयंपाक करायची, वह्या तपासायची. शेवटी कळवलं नाही, पण त्यांना सांगितलं, "शनिवारपर्यंत तुम्ही चला, नाहीतर मी नागपूरला ताईंना फोन करते." त्या हसल्या. "भेतेस, पण दम देतेस चांगला," म्हणाल्या.

शनिवारी आम्ही जालन्याला गेलो. डोळ्यांचा दवाखाना, डॉक्टर एक तरुण बाई. थेंब टाकले, डोळ्यांतला दाब मोजला, आणि मग त्यांना एका अंधाऱ्या खोलीत नेलं. मला दाराशी स्टुलावर बसू दिलं. परातीसारखं एक पांढरं यंत्र होतं. त्यात तोंड घालून, एक डोळा झाकून समोर एकटक बघायचं. बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं.

टिक. टिक. बटणाचा आवाज मला ऐकू येत होता. टिक. मग काहीच नाही. यंत्राची आतल्या आत घरघर चालू होती, म्हणजे कुठंतरी उजेडाचे ठिपके पडत होते, आणि मॅडम हनुवटी टेकवून मुकाट बसून होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं, दाबा ना, मॅडम, दाबा. बऱ्याच वेळानं पुन्हा टिक. मी पदर मुठीत धरून बसले होते. त्या शांततेत किती उजेड वाया गेला असेल, याचाच विचार येत राहिला.

डॉक्टर सरळ बोलल्या. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. "गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती टिकवता येईल. थेंब कधीही चुकवायचे नाहीत, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करू." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होता का? आई, वडील, भावंडं?"

मॅडम पर्समध्ये चष्म्याची डबी शोधत राहिल्या. बाहेर येऊन आम्ही स्टँडकडे चालायला लागलो तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

बसमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "आई म्हातारपणी उंबरठ्याले अडखळे. ताटातली एका बाजूची भाजी तशीच ठेवे. आमी म्हणो, बुडीले नखरे सुचून राह्यले. मरेपर्यंत तिनं दिसत नाही असं काही म्हटलं नाही. तिले बी भिंतच दिसत असंन." मग म्हणाल्या, "आमी तिले हट्टी समजलो वं."

ऑपरेशन झालं. दाब उतरला. नजर होती तिथंच राहिली. शाळेत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं आणि शाळेनं काही म्हटलं नाही. वर्गातली बाकं मुलींनी भिंतीला सरकवून दिली. मला वाटलं, संपलं. पण मॅडमची खरी धास्ती त्यानंतर सुरू झाली. पिंपळगाव राजाला त्यांचा धाकटा भाऊ होता, प्रकाश. शेती करायचा, स्वतःचा ट्रॅक्टर चालवायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की भावंडांचे डोळे तपासा. मॅडम रोज त्याला फोन करायच्या आणि तो रोज हसायचा. "ताई, मले दूरची पाटी वाचता येते. तू तुह्या डोयात औषध टाक."

स्वतःच्या आजारात ज्यांनी मला कारणं दिली होती, त्या आता भावाची कारणं ऐकून रात्रभर जागायच्या. बसमध्ये पिक्चरचं नाव निघेना. ट्रॅक्टर डाव्या बाजूनं पलटी झाला तर, बैल दिसला नाही तर, असं त्या मलाच विचारायच्या आणि मी, जिच्याकडे कधी कोणी धीर मागितला नव्हता, काहीतरी उत्तर द्यायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या पिशवी भरून पिंपळगावला गेल्या. तिथं काय झालं ते नंतर कळलं. प्रकाशला समोर बसवून त्यांनी तोच जिनिंगचा पिक्चर लावला. त्यानं लगेच बोट दाखवलं, "हे काय, उभी हाय की बाई." सगळं घर हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "मले बी एक काळ दिसत असंन," त्या म्हणाल्या. तरी तो उठेना. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि विचारलं, "आई परसात पडली तवा तू तिले काय म्हटलं होतं, आठवते काय?" प्रकाश उठला. मग बायकोला म्हणाला, "किल्ली दे गाडीची." भाऊ-बहीण मोटारसायकलवर खामगावला गेले.

मी त्या दुपारी घरात गहू पाखडत होते. फोन वाजला. नेहमीसारखे हात गार झाले. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "हाय त्याले. दाब हाय."

मी सूप खाली ठेवलं. "आणि नजर?"

"काहीच गेली नाही अजून. सगळे ठिपके दाबले त्यानं, म्या बाहेरून ऐकलं. डॉक्टर म्हणे, लय लवकर आले तुमी. थेंब टाकले तं जन्मभर पुरंन."

मी काही म्हणणार, तोच तिकडून आवाज आला. आधी मला वाटलं लाइन खराब आहे. मग कळलं. आईची गोष्ट सांगताना, यंत्रासमोर बसताना, ऑपरेशनच्या टेबलावर जाताना ज्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, त्या खामगावच्या भर रस्त्यात उभ्या राहून रडत होत्या. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. प्रकाश म्हणत होता, "ताई, बस ना आता. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे," मॅडम म्हणाल्या. "त्यायले दिसते तं पाहू दे."