अ‍ॅडमिरलची फेरी

आमच्या कोबेच्या ऑफिसातले करंदीकरसाहेब इतक्या थापा मारत, की त्यांनी घड्याळ बघून वेळ सांगितली तरी आम्ही आपापलं घड्याळ बघायचो. मुंबईच्या एका मशिनरी कंपनीचे ते इथले मॅनेजर. पाठीमागे सगळे त्यांना अ‍ॅडमिरल म्हणत. नौदलाशी त्यांचा संबंध एवढाच, की कुलाब्याला मामांच्या खिडकीतून नौदलाची भिंत दिसायची. पण सोळाव्या वर्षी आपण एकट्याने मालवणहून रत्नागिरीला होडी नेली, हे ते छातीठोकपणे सांगत. पुढे ती होडी वेंगुर्ल्याहून निघू लागली, आणि माझी तिथली नोकरी संपेपर्यंत थेट गोव्यापर्यंत मागे गेली होती.

पंच्याण्णवच्या भूकंपाच्या आधीचं कोबे ते. एका जपानी गिऱ्हाइकाची शिडाची जुनी बोट बंदरात पडून होती, ती अ‍ॅडमिरलनी मागून घेतली आणि दर वर्षी क्लबाच्या तीन दिवसांच्या शर्यतीत उतरवली. सुकाणूवर ते स्वतः. दोर ओढायला मी, म्हणजे विहिरीत पोहायला शिकलेला हा लेले, आणि ऑफिसातले मोरिता-सान, ज्यांना साहेबांना नाही म्हणणं कधी जमलं नाही. पहिल्या तासातच अ‍ॅडमिरलना बोट लागायची. कठड्यावरून ओणवं होऊन सगळं झालं, की मिशा पुसत म्हणायचे, "समुद्राला नैवेद्य दाखवावा लागतो, लेल्या. तुम्हा घाटावरच्यांना काय कळणार!"

त्या क्लबाची एक रीत होती. शेवटी आलेल्या बोटीने समारोपाच्या संध्याकाळी सगळ्यांना जेवू घालायचं. लागोपाठ तीन वर्षं तो मान आमचा, म्हणजे करंदीकरवहिनींचा! अ‍ॅडमिरलनी समुद्रात हरायचं आणि वहिनींनी क्लबाच्या स्वयंपाकघरात पन्नास-साठ माणसांची चिकन करी रांधायची. जपानी मंडळी तीन-तीनदा भात घ्यायची. आम्ही हरावं म्हणून ते देवळात नाणी टाकत असावेत, असा मला दाट संशय आहे.

चौथ्या वर्षी अ‍ॅडमिरलची मुंबईला बदली ठरली. म्हणजे ही शेवटची शर्यत. निघायच्या सकाळी वहिनी धक्क्यावर आल्या आणि आमच्या देखत म्हणाल्या, "अहो, यंदा मी पैठणी नेसून खुर्चीवर बसणार. मला कोणीतरी वाढायचंय. पदर खोचणार नाही, सांगून ठेवते."

"अख्खा क्लब वाढेल तुला! करंदीकराचा शब्द आहे," अ‍ॅडमिरल म्हणाले. त्या शब्दाची बाजारात काय किंमत होती ते वहिनींना पुरतं ठाऊक होतं.

आणि गंमत बघा, दोन दिवस आम्ही बरे चाललो! तिसऱ्या दिवशी फक्त एका निळ्या बोटीच्या पुढे राहायचं होतं, आणि ती चांगली मागे पडली होती. शेवटच्या बोयला, म्हणजे वळणाची खूण म्हणून सोडलेल्या तरंगत्या पिंपाला, वळसा घालताना अ‍ॅडमिरलनी वळण जरा जवळून घेतलं आणि बोटीची शेपूट बोयला घासली. जेमतेम शिवली म्हणा. नियम असा, की बोयला शिवलं तर ज्याने त्याने आपणहून जागीच एक गोल फेरी मारायची. बघायला पंच नसतो. मोरिता-सान एकाएकी डोंगरांची शोभा न्याहाळू लागले.

"साहेब, कोणी बघितलं नाही. चला पुढे," मी म्हणालो.

त्यांनी सुकाणू फिरवलंसुद्धा होतं. "फेरी!"

"अहो साहेब, वहिनींची पैठणी!"

त्यांचा चेहरा पडला. क्षणभर हात थांबला. मग म्हणाले, "थापा जमिनीवर मारायच्या, लेल्या. इथे नाही."

त्या फेरीत आमचं शीड फडफडलं, दोर गुंतला, आणि निळी बोट पुढे निघून गेली; तिच्या सुकाणूवाल्याने जाता जाता आम्हाला वाकून नमस्कारही केला. मला आजही त्या माणसाचा राग येतो.

धक्क्यावर वहिनी पैठणी नेसून बसल्या होत्या. अ‍ॅडमिरल उतरले ते दोन्ही हात फाकवूनच. "अगं, काय सांगू! एवढा मासा सुकाणूला अडकला!" वहिनी उठल्या, पदर खोचला आणि आत गेल्या.

मला राहवेना. त्यांच्या मागोमाग जाऊन खरं काय ते सांगून टाकलं. कांदा चिरता चिरता त्या थांबल्या.

"आपणहून फेरी मारली? यांनी?"

"आपणहून."

"मग तेवढंच सांगायचं होतं ना, भावजी! इतक्या वर्षांत एक गोष्ट केली मान ताठ करून सांगण्यासारखी, तर नेमकी तीच लपवतात!" आणि सुरी अशी आपटली, की मोरिता-सान दारातूनच परत फिरले. बाहेर तोवर माशाचा देवमासा झाला होता.

पुढे काही वर्षांनी अ‍ॅडमिरल ठाण्याला वारले. दिवसांना जुने सहकारी जमले होते. जो तो त्यांची एकेक थाप सांगत होता आणि सगळे डोळे पुसत हसत होते. माझी पाळी आली तेव्हा मी त्या बोयची गोष्ट सांगितली. माणसं पोट धरून हसली. "वा लेले! करंदीकरांची गादी आता तुम्हीच चालवा," कोणीतरी म्हणालं.

फक्त वहिनी हसल्या नाहीत.