बाहेरचं हाड नको

माझ्या सासूबाईंना घरीदारी सगळे अक्काच म्हणतात, मीसुद्धा. लग्न होऊन पुण्याहून बेंगळुरूला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी दह्याचं पाकीट विकत आणलं. अक्कांनी ते सरळ शेजारच्या मांजराला घातलं. राजाजीनगरातल्या या घरात मसाला घरचा, लोणचं घरचं, दह्याचं विरजणसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या घरचंच. बाहेरचं म्हटलं की अक्कांनी नाक मुरडलंच म्हणून समजा. मला या हट्टाचा भयंकर राग यायचा. अजूनही येतो, पण आता जरा जपून येतो.

मग अक्कांच्या खालच्या जबड्यात गाठ निघाली. साधीच, पाण्याची, पण वाढता वाढता तिने आतलं हाड पोखरून काढलेलं. मल्लेश्वरमच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. दाढांच्या खाली काळंकुट्ट भगदाड आणि त्याच्याखाली हाडाची पापुद्र्याएवढी कड.

"गाठ काढली की पोकळी उरणार," त्या म्हणाल्या. "ती भरण्याआधी काही कडक चावलंत तर जबडा मोडू शकतो. म्हणून आत हाडाची पावडर भरू."

"कुणाच्या हाडाची?" अक्कांनी विचारलं.

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगू? मला हे विचारायचं सुचलंही नव्हतं. डॉक्टरीणबाईंना थाप मारून वेळ मारून नेता आली असती. पण त्यांनी खरं तेच सांगितलं, "गुरांच्या, अम्मा. शुद्ध केलेली असते."

अक्का खुर्चीतून उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.

"कृत्रिमही मिळते, अम्मा."

"तीही बाहेरचीच ना? मनेदु एनू इल्वा? घरचं काही नाही का?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "आहे की. तुमचंच रक्त." दंडातून थोडं रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, त्यातला जखम भरून आणणारा भाग वेगळा होतो, तो पोकळीत ठेवायचा, असं त्यांनी सावकाश, कन्नडमधून समजावलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पण पोकळी मोठी आहे आणि तुमचं वयही झालंय. नुसत्या एवढ्यावर हाड भरेलच, असं वचन मी देणार नाही."

"सरी, चालेल," म्हणत अक्का परत बसल्या. ठरलं!

घरी येताना ऑटोत मी तोंड सोडलं. "अहो अक्का, जबडा मोडला तर? जन्मभर नळीनं जेवणार का?"

"स्वल्प थांब गं," त्या म्हणाल्या. "रक्त माझं, हाड माझं. त्यांचं त्यांना बघू दे की."

ऑपरेशनच्या दिवशी रक्ताच्या नळ्या यंत्रातून बाहेर आल्या, तेव्हा मी दाराशी उभी होते. प्रत्येकीत खाली लाल, वर पिवळसर पाणी आणि मधे एक थलथलीत गोळा. डॉक्टरीणबाईंनी एक गोळा चिमट्याने अलगद उचलला, लाल भाग कापून टाकला आणि उरलेला अक्कांना दाखवला.

"अगं बाई, खरवसच की!" अक्का म्हणाल्या. जबडा बधिर, जीभ जड, तरी बोलणं चालूच. डॉक्टरीणबाईंचे हात मात्र बघत राहावे असे. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. जिचं आहे तिला परत करतेय अशा मायेने त्यांनी ते गोळे गाठ काढलेल्या पोकळीत बसवले आणि टाके घातले.

मग सुरू झाले मऊ भाताचे आणि नाचणीच्या आंबिलीचे महिने. अक्कांनी नुसती जांभई दिली तरी माझा जीव वरखाली व्हायचा. त्यांनी तक्रार म्हणून केली नाही. गोकुळाष्टमीला नेहमीसारखी कोडबळी केली. आपल्या कडबोळ्यांसारखीच, पण दगडासारखी कडक. खुसखुशीत झालीत का, हे चाखून बघायची सोय नव्हती, म्हणून कानाशी धरून मोडून ऐकली. घरादाराला वाटली आणि स्वतः आंबील घेऊन बसल्या. इतकं खंबीर माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पुढच्या एक्स-रेला मी देवाचं नाव घेत गेले. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. काळं भगदाड कुठे दिसेना. तिथे पांढुरकं, दाट हाड! "हे सगळं तुमचं, अम्मा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आनंदाने अक्कांचे दोन्ही हात धरले. "आता चावा बिनधास्त."

घरी आल्या आल्या अक्कांनी पदर खोचला आणि कोडबळ्यांचा घाणा काढला. मी त्यांना चहा देत होते. त्यांनी एक कोडबळं उचललं, मुद्दाम त्याच बाजूच्या दाढेखाली धरलं आणि दाबलं.

कट्‌कन आवाज झाला. मी किंचाळले, हातातला कप खाली पडला.

अक्का शांतपणे चावत राहिल्या. घास गिळला. मग माझ्या तोंडाकडे बघून खदखदून हसल्या.

"अगं वेडे, कोडबळं मोडलं. जबडा नव्हे."