कडकमावशींची चुरगळलेली भिंत

सगळी गल्ली तिला कडकमावशी म्हणायची. उभं आयुष्य तिनं लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात घालवलं. तिच्या हातचा शर्ट घालून माणूस खुर्चीत टेकायलासुद्धा घाबरायचा. पुढे मनगट कुरकुरायला लागलं, डॉक्टरांनी जड इस्त्रीला हात लावायचा नाही म्हणून दम भरला आणि दुकान बंद झालं. झालं! भांडं उचललं की सून म्हणे, "राहू द्या आई." झाडू घेतला की मुलगा हिसकावून घेई. माणसं सोन्यासारखी, पण नुसतं बसून बसून बाईच्या जिवाची काहिली होतेय, हे एकालाही कळेल तर शपथ.

अशात सुनेनं टूम काढली, की बाहेरच्या खोलीची एक भिंत खडबडीत करायची. जुन्या मातीच्या घरांची असते तशी उंचसखल, हात फिरवावासा वाटणारी. मुलगा पेंटरला फोन लावतोय तोच मावशी ताडकन उठली.

"भिंत मी करणार."

"अगं आई, तुझं मनगट..."

"पुट्टी थापायचं पत्र्याचं पातं आहे ते, इस्त्री नाही! मला काहीतरी करू द्या रे. शोकेसमधली बाहुली आहे का मी?"

मुलगा वरमला. संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर उद्या सकाळी पेंटर येणार, असं ठरवून तो कामावर गेला.

मावशीच्या अंगात वारं संचारलं. पदर खोचून तिनं जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. सुनेनं पुट्टीत चाळलेली वाळू घालून घट्ट लगदा कालवला. मावशी पात्यानं सपासप थापत सुटली. मग जरा मागे सरून बघते तर काय, भिंत सपाट! कुठं उंचवटा दिसला रे दिसला, की तिचा तळहात आपोआप जाऊन त्याला सरळ करून येत होता. पुन्हा थर दिला, पुन्हा तेच.

"आई, इस्त्री करताय तुम्ही भिंतीला!" सून हसून हसून लोळायची बाकी राहिली.

मावशीला मात्र हसू येईना. बादलीत शेवटचा लगदा उरला होता आणि तोही घट्ट होत चालला होता. उद्या पेंटर आला की आपली खुर्ची आणि आपण. तिचे डोळे भरून आले.

"मेल्या हातांना चुण्या मोडण्याखेरीज काही येतच नाही," ती पुटपुटली आणि तिला एकदम काहीतरी आठवलं. जन्मभर तिला सगळ्यात जास्त छळलं होतं कुणी? पिळून तशाच बोळा करून टाकलेल्या सुती चादरींनी!

"जुनी चादर आण! भिजव, पीळ, बोळा कर. आणि झटकलीस तर याद राख!"

उरलेला लगदा भिंतभर चढला. त्यावर मावशीनं चुरगळलेली चादर अर्धवट उलगडून दाबली आणि कोपऱ्याला धरून अलगद सोलून काढली.

"अगं बाई!" सून किंचाळलीच.

भिंतीवर बारीक डोंगर उठले होते, दऱ्या पडल्या होत्या, आडव्यातिडव्या रेघा धावत होत्या. मावशीला आनंद आवरेना. "आण गं, अजून आण!" म्हणत ती कोपऱ्यापासून दारापर्यंत चादर दाबत आणि सोलत सुटली. सून बोळे करून देई, मावशी ओरडे, "इतका नीट नको, वाईट कर!" आणि दोघी खिदळत.

संध्याकाळी मुलगा दारातच थबकला. बोट लावायला गेला, तर मावशीनं हातावर चापट मारली. "ओली आहे!"

त्यानं भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. मग त्यानं खिशातून फोन काढला.

"हां, पेंटरदादा, उद्या येऊ नका. नाही, नाही, दुसऱ्या खोलीचंही राहू द्या. आमच्या घरात माणूस आहे."

मावशीनं नाक ओढलं, डोळे पुसले आणि माणूस लगेच कामाला लागला.

"बघत काय बसलास? दुसऱ्या खोलीतलं कपाट सरकव!"