अळी न शिवलेली वांगी

आमच्या ग्राहक मंडळात तक्रारी कमी आणि किस्से फार! तक्रार निकाली निघाली की फाईल बंद होते. किस्सा मात्र दर रविवारी कुणीतरी पुन्हा उघडतं आणि वरून थोडी फोडणी घालतं.

मंडळ म्हणजे सोलापुरात एका चादरीच्या दुकानावरची खोली आणि साडेचार माणसं. त्यातला अर्धा मी, कारण मी मुळातच भित्रा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक होतो. बाटलीवर चिठ्ठी नसेल तर हात लावायचा नाही, ही तिथली सवय. जनुक बदललेलं सगळं वाईटच असतं असं आम्ही म्हणत नाही. जे असेल ते पाकिटावर लिहा, एवढंच म्हणतो.

यंदा मात्र माझी भीती दुप्पट झाली होती. मुलगी स्वाती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना. तिच्या ताटात पडणाऱ्या प्रत्येक घासाकडे मी चोरासारखा बघायचो. दुकानात पाकिटाची मागची बाजू वाचत उभा राहायचो. बायको मंगल एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, तुमचं वाचून होईस्तोवर लेक बाळंत होईल!"

*

अकलूजजवळ एका गावात सभा होती. आमचे अध्यक्ष हिरेमठसर रंगात आले होते. "कापसाचं बियाणं बदललंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ते पोटात कुठल्या वाटेनं जातं, याचा विचार केलाय?"

मागून एक म्हातारबा उठले. "म्हंजे सर, सरकी बी त्याचीच की!"

"हो."

"सरकीची पेंड म्हशीला?"

"हो."

"आन् म्हशीचं दूध ह्या च्यात?"

चहा नुकताच वाटून झाला होता. सगळे कप हवेत थांबले, सरांचासुद्धा! म्हातारबांनी निवांत भुरका मारला. "म्या आपलं इचारलं. तुमी प्या की!"

"दुधात उतरतं असं काही नसतं हो," परतताना सर मला तीनदा म्हणाले. पण चहा त्यांनी तसाच ठेवला होता.

*

बोल्लीवहिनी आमच्या चिटणीस. घरात तेलुगू, दारात मराठी आणि भांडण दोन्हीत. अक्कलकोटला एका दुकानात त्यांनी तेलाची पिशवी उचलली आणि मराठीत विचारलं, "हे कशाचं तेल?"

"खाद्य तेल."

"ते कळलं. पण कशाचं?"

दुकानदार एकदम कन्नड बोलायला लागला. मग हिरेमठसर पुढे झाले आणि त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. तो हिंदीवर गेला. मी हिंदीत विचारलं, तर त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं.

"ही भाषा मात्र आपल्याला येत नाही," वहिनी म्हणाल्या.

आम्ही खूप हसलो. पण असल्याच कुठल्यातरी तेलातला सुटा चिवडा मी आदल्या आठवड्यात स्वातीसाठी नेला होता. ते आठवलं आणि माझं हसू आटलं.

*

उजनी धरणाच्या काठावरून आप्पा नावाचे एक शेतकरी मोटारसायकलवर पिशवी घेऊन आले. पिशवीत सहा वांगी होती, जांभळी, तुकतुकीत.

"एक मानूस रोपं दिऊन गेला. पावती न्हाय, नाव न्हाय. म्हनला, फवारणी लागायची न्हाय. आन् खरंच, एक अळी शिवली न्हाय!"

"मग चांगलंच झालं की," वहिनी म्हणाल्या.

"चांगलं कसलं, ताई? अळी बी खाईना, ते म्या घरात कसं शिजवू?"

आप्पांचा चेहरा बघून कुणालाच हसू आलं नाही. देशात जनुक बदललेल्या वांग्याला परवानगी नाही. तसलंच आहे की नुसतं नशीब, ते तपासणीशिवाय कळणार नव्हतं. सोमवारी वांगी प्रयोगशाळेला पाठवायची ठरली.

*

त्याच शनिवारी मला फोन आला. आवाज अगदी गोड.

"काका, वांगी आली म्हणे मंडळात. कशाला त्रास घेता? घरी लेक आलीय ना, सातवा लागलाय. जपा तिला."

फोन बंद झाला. मी उठून दाराला आतून कडी लावली.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "वांगी खोलीवर नकोत. कुलूप तकलादू आहे. तुमच्या फ्रिजमध्ये ठेवा. आणि हो, पिशवीवर काही लिहू नका. घरातही बोलू नका. जितक्या कमी लोकांना कळेल तितकं बरं."

मला ते पटलं. भित्र्या माणसाला असलं लगेच पटतं. मी साध्या पिशवीत वांगी घातली आणि खालच्या कप्प्यात ठेवली.

*

रविवारी बैठक आटोपून दुपारी घरी आलो. दारातच शेंगदाण्याच्या कुटाचा खमंग वास आला. स्वाती पाटावर बसली होती, पाय लांब करून. पुढ्यात कडक भाकरी आणि भरलं वांगं.

"बाबा, काय वांगी आणलीत! चिरताना एकसुद्धा किडकं निघालं नाही."

मंगल म्हणाली, "किती दिवसांनी पोटभर जेवली बघा. चार खाल्लीन् एकटीनं. मी एक खाल्लं."

मी फ्रिज उघडला. खालचा कप्पा रिकामा होता.

"कुठली हो ही?" स्वातीनं विचारलं.

हाच प्रश्न मी सोलापुरातल्या एकेका दुकानदाराला विचारला होता. ती माझ्याकडे बघत होती, एक हात पोटावर ठेवून.

"मंडईतली," मी म्हणालो.

"मग परत तीच आणा."

मंगलनं पातेलं वाकडं करून बघितलं. "एक उरलंय. घे गं तूच."

स्वातीनं ताट पुढे केलं. मी पुढे होऊन मंगलच्या हातातून पातेलं घेतलं आणि उभ्याउभ्याच ते वांगं खाल्लं. देठसुद्धा ठेवला नाही.

"हे काय बाबा?" स्वाती म्हणाली. "तुम्हाला तर वांगं आवडत नाही!"