ॲपवरचा वकील आणि कालची तारीख

काल सोलापूरच्या कोर्टात माझ्या अशिलाची केस उशिरा होती, म्हणून मागच्या बाकावर बसले होते... आणि तिथे जे बघितलं, त्याने डोकं अजून तापलेलं आहे.

मोडनिंबकडची एक बाई. नवऱ्याने घटस्फोट मागितलाय, सोबत लहान मुलीचा ताबाही. हिने काल लेखी म्हणणं दिलं नाही, तर केस एकतर्फी चालणार... म्हणजे पोर जवळजवळ गेलीच म्हणायची.

पुकारा झाला. बाई एकटीच उभी. जज्जसाहेबांनी विचारलं, "तुमचे वकील कुठे आहेत?" तिने मोबाईल पुढे केला. "ह्यात हायत की, साहेब... पॅकेज घेतलंय."

काही जण हसले. मला मात्र संताप आला. ॲपवरचे वकील! दर तारखेला नवा माणूस, ना तिला त्याचं नाव माहीत ना त्याला तिची केस. आणि काल तर तोही नाही. तिने सकाळपासून मेसेज केले होते, उत्तर आलं होतं... "आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात. कृपया सेवेला रेटिंग द्या." अरे, तिची मुलगी चाललीय आणि तुम्हाला रेटिंग कसलं हवंय?

आमच्यात एक रीत आहे. एखादा वकील दुसऱ्या कोर्टात अडकला, की हजर असलेला कोणीही उठून सांगतो, "साहेब, ते येताहेत, जरा थांबावं." एकमेकांशी पटत नसलं तरी उठतात. काल कोणी उठलं नाही. मीही अर्धवट उठले आणि बसले... येताहेत म्हणून सांगायचं तरी कोणाबद्दल?

आम्ही ऑफिसबाहेर जरा मोठा बोर्ड लावला तरी तक्रार होते, कारण वकिलाने जाहिरात करायची नाही. या कंपन्या मात्र "घरबसल्या घटस्फोट" म्हणून दिवसभर ओरडतात. का, तर त्या वकील नाहीत, 'प्लॅटफॉर्म' आहेत! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

तेवढ्यात चक्क नवऱ्याचे वकील उठले. आमच्या बारमधले ज्येष्ठ, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. म्हणाले, "साहेब, बाईंना मुदत द्यावी, माझी हरकत नाही. समोर कोणीच नसताना मला ही केस जिंकायची नाही."

मुदत मिळाली. बाहेर व्हरांड्यात नवरा काकांवर खवळला, "तुमी माझं वकील हाय का तिचं?"

"तुझाच आहे बाबा," काका एवढंच म्हणाले.

दुपारी त्याने काकांकडून केस काढून घेतली. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मीबी आता ॲपवरच बघतो की!"

म्हणजे नवरा-बायको दोघंही एकाच दुकानाची गिऱ्हाइकं झाली असती. पण बाईने काल संध्याकाळीच माझ्या वकीलपत्रावर सही केली. आज तिचं म्हणणं लिहायला घेतलंय.

राग गेलेला नाही, जाऊही नये. पण काका, तुम्हाला मनापासून नमस्कार. त्या पोरीला कधी कळणारही नाही, की तिच्या आईसाठी भर कोर्टात तिच्या बापाचा वकील उभा राहिला होता.